गिंडीच्या गॅस्केटवाल्याचं मत

राज्यातली सगळी वाहनं विजेवर कशी आणायची, हे जनतेला विचारून ठरवायचं असं जेव्हा ठरलं, तेव्हा जनता काय म्हणाली ते लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. हे वाक्य मी लग्नकार्यात, सांगलीच्या भावकीत आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्या बसल्याही ऐटीत बोललो आहे. आज त्याचा पुढचा भाग सांगतो. जनता काय म्हणाली ते मी लिहिलं. जनता ते म्हणाली होतीच, असं मात्र नाही.

मी चेन्नईत चोवीस वर्षं आहे. आलो गाड्यांच्या कारखान्यात, आणि पुढे पाठीच्या दुखण्यामुळे पेरुंगुडीच्या एका सल्लागार कंपनीत खुर्चीवर बसलो. मुळात मी बोलत कमी. त्यामुळे लोक मला विश्वासू समजतात. गप्प माणूस विचार करत असेल, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मी तरी बहुतेक वेळा जेवणाचाच विचार करत असतो.

तर सुनावण्या. आमच्या कंपनीने जिल्ह्याजिल्ह्यांत जनसुनावण्या घेतल्या. चेन्नईतली एक लग्नाच्या हॉलमध्ये झाली, कारण दुसरा हॉल रिकामा नव्हता. व्यासपीठावर वधूवरांच्या सोनेरी, सिंहमुखी खुर्च्या होत्या, आणि त्या हलवायच्या नाहीत अशी मालकाची अट होती. मग दोन वरिष्ठ अधिकारी त्यांवरच बसले. त्यांतले एक आधीच लाजरे. ते तर अगदी मुंडावळ्या बांधल्यासारखे दिसत होते. प्रात्यक्षिकासाठी विजेवरची रिक्षा येणार होती. तीही वाजतगाजत आली, पण डिझेलच्या टेंपोवर चढून. ती स्वतःच्या बळावर आली असती तर परतीपुरतं चार्जिंग उरलं नसतं.

साडेदहाला सुरू व्हायचा कार्यक्रम अकराला सुरू झाला. पावणेबारापर्यंत मान्यवरांना शाली घालणं चाललं होतं. इकडे शाल घातल्याशिवाय कोणाचा शब्द फुटत नाही आणि घातल्यावर थांबत नाही. जनतेच्या वाट्याला सव्वाबारा ते एक एवढा वेळ आला, कारण एकला जेवण होतं. तरी जनता बोलली. इडलीच्या गाडीवाल्या एक बाई म्हणाल्या, "मी तिसऱ्या मजल्यावर राहते, स्कूटर खाली असते. वायर खिडकीतून सोडू का?" एका रिक्षावाल्याने विचारलं, "चार्जिंगला दीड तास लागतो म्हणता. त्या दीड तासात मी लघवीला कुठं जाऊ?"

हॉल हसला. मीही हसलो. नंतर कळलं, त्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. पण मी त्याचं काय केलं? माझ्या तक्त्यात तीन रकाने होते: स्वीकृत, नोंद घेतली, कक्षेबाहेर. रिक्षावाल्याची लघवी कक्षेबाहेर गेली, कारण स्वच्छतागृहं दुसऱ्या खात्याकडे येतात.

आता मुख्य गोष्ट. वाहनं विजेवर आणण्याच्या आराखड्यात सातवं प्रकरण होतं लहान कारखानदारांचं. इंजिनाचे बारीकसारीक भाग बनवणारे हजारो लोक इथे आहेत. इंजिनच गेलं तर ते काय करणार? त्यांच्यासाठी काही सोयी त्या प्रकरणात सुचवल्या होत्या. पण नियम असा, की प्रत्येक प्रकरणामागे त्या त्या गटाचं निदान एक तरी मत हवं. सातव्या प्रकरणामागे शून्य मतं होती. कारण साधं होतं: सुनावण्या बुधवारी सकाळी, आणि कारखानदार बुधवारी सकाळी कारखान्यात.

माझ्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. घराणं तंजावरकडचं, मराठी. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेल्या. शिक्षण, धंदा, भांडणं, सगळं तमिळमध्ये. मराठी फक्त घरात आणि देवाजवळ. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं गॅस्केटचं वर्कशॉप आहे. गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन लोखंडी भागांमध्ये बसणारा कातरलेला पातळ तुकडा. तो असतो म्हणून तेल गळत नाही. काकांकडे अकरा माणसं काम करतात, त्यांत सात बायका.

काकांची मराठी जुनी आहे, तमिळच्या चालीवर चालणारी. मी वर्षानुवर्षं ऑफिसातल्या पुण्या-नाशिकच्या पोरांना तिची नक्कल करून दाखवत असे. हमखास हशा मिळायचा. ती नक्कल इथे करायचा अधिकार मी गमावला आहे, म्हणून त्यांचं बोलणं माझ्याच साध्या मराठीत लिहितो. एखादा शब्द राहिला त्यांचा, तर राहू दे; 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, तसा.

मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचं मत लिहून द्या. एक मत आलं तरी प्रकरण वाचतं."

"तंबी, मी लिहून सरकार वाचणार?"

"सरकारच्या आधी मी वाचणार."

"मग झालं," ते म्हणाले. "आपला माणूस वाचणार म्हटल्यावर मग भीती कशाची?"

आठ दिवसांनी त्यांनी चार पानं आणून दिली. मराठीत! तमिळनाडू सरकारच्या योजनेवर, तमिळ उत्तम लिहिणाऱ्या माणसाने, आयुष्यात पहिल्यांदा कागदावर मराठी लिहून दिली होती. अक्षरं शाळेत हिंदीच्या परीक्षेसाठी गिरवलेली, एकेक सुटं, जणू दाताने कुरतडून काढलेलं. का, तर वाचणारा मी. आपल्या माणसाला आपल्या भाषेत लिहिलं की काम जोरात होतं, हा त्यांचा हिशेब. असा हिशेब फक्त तंजावरच्या माणसालाच सुचेल. आणि तो फसवायला फक्त सांगलीचा माणूसच लागेल.

मुदत संपायला एक दिवस होता. पोर्टलवर इंग्रजी किंवा तमिळ, एवढंच चालत होतं. मी पहिलं पान वाचलं. 'श्री' होतं, साष्टांग नमस्कार होता, विज्ञापना होती, येथील क्षेम होतं. मग लिहिलं होतं: 'आम्हांस मागणे काही नाही. देवाच्या कृपेने अवघे आहे. सरकारने जे योजिले ते उत्तमच.' पान संपलं. उरलेल्या तीन पानांकडे मी असं पाहिलं, जसं आपण जेवल्यावर आलेल्या बासुंदीकडे पाहतो. अक्षर वाचवेना. मी ठरवून टाकलं, पुढेही हेच असणार. म्हातारी माणसं एकच गोष्ट चारदा सांगतात. आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: आम्हां लहान उद्योजकांना काही मागणं नाही. आहे ते पुरेसं आहे. बदलाचं स्वागत आहे.

आमच्या टीमच्या प्रमुख बाई माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. मला 'सर' म्हणतात आणि कामं सांगतात. त्यांनी त्या ओळी वाचल्या आणि खुर्चीत सरळच झाल्या.

"सर, हे सोनं आहे! तळागाळातून आलेला आत्मविश्वास! चौकटीत टाकू या, मोठ्या अक्षरात."

"टाका," मी म्हटलं.

"आणि मग सातव्या प्रकरणाची गरज काय? ते स्वतःच म्हणतायत, काही नको. उगाच वीस पानं."

इथे मी बोलायला हवं होतं. 'बाई, थांबा, अजून तीन पानं वाचायची आहेत.' एवढंच. त्या ओरडल्या नसत्या. पण मग मी न वाचता सारांश लिहिला हे बाहेर आलं असतं, आणि माझ्या वयाच्या माणसाचं तिथे काम काय, हा प्रश्न आधीच हवेत होता. मी पाठ सरळ केली, पाण्याचा घोट घेतला आणि विचारमग्न दिसलो. सातवं प्रकरण गेलं. त्याच्या जागी चौकट आली, आणि खाली लिहिलं होतं: एक गॅस्केट उत्पादक, गिंडी.

नाव नव्हतं. पण गिंडीत सरकारला मत लिहून देणारा गॅस्केटवाला कोण, हे वसाहतीला कळायला एक दिवसही लागला नाही. काकांनीच तर सगळ्यांना सांगितलं होतं: मी लिहून दिलंय, आपला माणूस आहे तिथे.

त्या वसाहतीत एक रीत आहे. एकाकडे काम जास्त आलं की तो शेजाऱ्याकडे पाठवतो. एकाचा डाय, म्हणजे कातरायचा साचा, दुसरा मागून नेतो. लिहून कोणी ठेवत नाही. चहाच्या टपरीवरच सगळं ठरतं. लहान युनिटं मोठ्या ऑर्डरी घेतात त्या या रितीच्या जोरावर. चौकट छापून आल्यावर काकांकडे येणारं काम थांबलं. डाय मागायला गेले तर एकाने ऐकवलं, "तुम्हाला काय कमी? आहे ते पुरेसं आहे ना तुम्हाला! आमच्या पोटावर पाय देऊन बदलाचं स्वागत करताय!" अकरा माणसांपैकी तिघं घरी बसली. त्यांना काकांनी काढलं नव्हतं, द्यायला कामच नव्हतं.

काका माझ्याकडे आले. मला वाटलं, आता आपली घटका भरली.

"तंबी," ते म्हणाले, "फार वाईट झालं. तुम्ही एवढं नीट भाषांतर केलंत, आणि वर बसलेल्या कोणीतरी ते बदललं. तुमच्या नावाला डाग हो! मी सोडणार नाही त्याला."

मी काय म्हटलं? "असं होतं कधीकधी," असं म्हटलं. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडून ऐकलं, आणि तरी जेवलो, आणि झोपही लागली.

काकांनी आराखडा काढणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार पाठवली. पहिलीला उत्तर नाही. दुसरीला नाही. तिसरी खात्याने आमच्या कंपनीकडे ढकलली, कारण मतांचं काम आमचं. कंपनीने ती माझ्या टेबलावर ठेवली, कारण तमिळ पत्रांची उत्तरं तयार करणं माझं काम. अज्ञात, बेजबाबदार कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार त्याच अज्ञात, बेजबाबदार कर्मचाऱ्याने वाचली, नेमका यंत्रणेचा हेतू होता तितक्याच काळजीने. मी उत्तर लिहिलं: आपला मुद्दा विचाराधीन आहे. सही दुसऱ्याची झाली.

आठवड्याने काका ते पत्र घेऊन जिना चढून वर आले. चष्मा कपाळावर, चेहरा उजळलेला.

"उत्तर आलं बघा! कोणीतरी सज्जन माणूस असला पाहिजे तिथे. तंबी, तुम्ही त्या लोकांत असता. 'विचाराधीन' म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे..." मी म्हटलं, "वाचलंय, असं."

"सेरि, सेरि, बरं झालं. वाचलं ना? मग पुरे. वाचलं की माणसाला कळतंच."

त्या शनिवारी दुपारी, ऑफिस रिकामं असताना, मी ड्रॉवरमधून ती चार पानं काढली आणि वाचली. चाळीस मिनिटं लागली.

दुसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, की इंजिन गेलं तरी गॅस्केट जाणार नाही. बॅटरीच्या पेटीला झाकण असतं, झाकणाला फट असते, आणि आपल्या शहरात दर डिसेंबरला पाणी गुडघ्यापर्यंत येतं. त्या फटीत बसणारी पट्टी आम्ही बनवू शकतो. वर्कशॉपच्या भिंतीवर पाणी कुठवर चढतं त्याच्या दर वर्षीच्या खडूच्या खुणा आहेत, हवं तर येऊन बघा, असंही होतं.

तिसऱ्या पानावर मागणं होतं. एकच. पट्टी टिकते की नाही हे बघायला पेटी पाण्यात बुडवून चाचणी करावी लागते. ती टाकी आणि तिची यंत्रं एकट्याला झेपत नाहीत. वसाहतीत सगळ्यांना मिळून एक द्या. चाचणीचा कागद नसेल तर मोठी कंपनी आम्हाला दारातही उभं करत नाही. बाकी सवलत नको.

चौथ्या पानावर त्या सात बायका होत्या. त्या बोटांनी चिमटून पट्टीची जाडी सांगतात, मोजपट्टीच्या आधी. त्यांना वाचता येत नाही. तुमच्या प्रशिक्षणात लेखी परीक्षा ठेवू नका. हातात पट्टी द्या आणि विचारा.

दोन वर्षं आम्ही राज्यभर जनतेला विचारत हिंडलो. लॅपटॉपवाल्यांनी आम्हाला ई-मेलवर खूप काही कळवलं. गाडीचा रंग, अॅपचा रंग, चार्जिंगच्या जागी वायफाय. एवढं नेमकं, एवढं स्वस्त आणि एवढं खरं असं एकच मत आलं होतं, आणि ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. वरच्या चिवड्याच्या पाकिटाचं तेल चौथ्या पानाला लागलं होतं.

सोमवारी मी गिंडीला गेलो. काका प्रेसवर होते. मी म्हटलं, मला बोलायचं आहे. त्यांनी मशीन बंद केलं. मी सगळं सांगितलं: एक पान वाचलं, तीन वाचली नाहीत, दोन ओळी माझ्या, चौकट माझी, विचाराधीनही माझंच. कोणी वर बसून काही बदललं नाही. वर कोणी वाचतच नाही. वाचायला मला ठेवलंय.

काका हातातल्या पट्टीला चिमटे काढत राहिले.

"पहिलं पान माझं नव्हतं," ते म्हणाले. "आजोबांची जुनी पत्रं होती पेटीत. थोरांना लिहायचं तर सुरुवात कशी करायची, ते त्यांतून बघून उतरवलं. मला काय ठाऊक मराठी कागद कसा लिहितात? माझं बोलणं दुसऱ्या पानापासून सुरू होतं."

मी 'माफ करा' म्हणालो. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"शनिवारी वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघटनेची बैठक आहे," ते म्हणाले. "तिथे येऊन हेच सांगा. तमिळमध्ये."

चोवीस वर्षांनंतरही माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं आणि ऑफिसच्या कागदापुरतंच आहे. कबुली देण्याचं तमिळ मी शिकलो नव्हतो. तीस-पस्तीस कारखानदारांसमोर मी उभा राहिलो आणि क्रियापदं चुकवत, लिंगं बदलत, सगळं सांगितलं. अडलो की मागून काका योग्य शब्द सांगत होते, शिक्षकासारखे, कोरड्या आवाजात. माझ्या नकलेला ऑफिसात जेवढा हशा मिळायचा, तेवढाच इथे मला स्वतःला मिळाला. तो मी कमावला होता.

ज्याने डाय दिला नव्हता त्याने काकांकडे बोट करून विचारलं, "म्हणजे यांनी आम्हाला विकलं नाही?"

"नाही. मी वाचलं नाही."

"पण पगार वाचायचाच घेता ना?"

"हो."

"सार, उद्यापासून माझ्याकडे या. मी पगार देतो, तुम्ही काहीही वाचू नका. मलाही नफा, राज्यालाही."

पुन्हा हशा. पण तो माणूस उठला, काकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि त्याच आठवड्यात काकांकडे जास्तीचं काम आलं. घरी बसलेल्या तिघांपैकी दोघी परत आल्या. तिसऱ्याने तोवर दुसरीकडे काम धरलं होतं.

टाकी मात्र आली नाही, कारण सातवं प्रकरण परत आलं नाही. आराखड्याची फेरतपासणी जाहीर झाली तेव्हा संघटनेने नवं पत्र लिहिलं, तमिळमध्ये. नमस्कार नाही, क्षेम नाही, पहिल्याच ओळीत टाकी. खाली सगळ्यांच्या सह्या. मला त्यांनी हात लावू दिला नाही. ते थेट पोस्टाने खात्याकडे गेलं, आणि खात्याकडून, अर्थातच, माझ्या टेबलावर आलं.

पोर्टलच्या एका मतात पाचशेच अक्षरं मावतात. सारांश करा, असं पोर्टल नम्रपणे सुचवतं. मी सारांश केला नाही. पत्राचे तुकडे करून एकापाठोपाठ एक भरत गेलो. एकोणीस झाले. दुसऱ्या दिवशी बाई उड्या मारायच्या बाकी होत्या.

"सर, लघुउद्योगांचा प्रतिसाद बघितलात? एकोणीस!"

"ते एकच पत्र आहे," मी म्हटलं. "आणि ती मागची चौकट खोटी आहे. ती मी लिहिली होती." आणि मग सगळंच सांगितलं.

त्यांनी काचेचा दरवाजा लावून घेतला. मी बोलू शकतो याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं असावं. "हे मला लेखी द्या," त्या म्हणाल्या. मी दिलं. त्याचं पुढे काय होणार, मला ठाऊक नाही. नोकरी जाईलही. पण त्यांनी आणखी एक केलं, ते त्यांच्या नावावर जमा असू दे: खात्याच्या पुढच्या बैठकीत माझ्यासाठी वेळ मागितला. मागितली दहा मिनिटं, मिळाली चार.

काकांना सांगितलं, तेव्हा ते गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "चार?" ते म्हणाले. "एकोणीस तुकडे चार मिनिटांत?" आणि आत निघून गेले. हल्ली आमचं बोलणं एवढंच असतं, आणि मी तक्रार करत नाही.

गेले चार दिवस मी घरी घड्याळ लावून सराव करतो आहे. मान्यवरांचं स्वागत, खात्याचे आभार, कंपनीची ओळख, आराखड्याचं थोडं कौतुक, एवढं केलं की वेळ संपतो आणि टाकीचं नावही निघत नाही. बायको म्हणते, निदान साहेबांना नमस्कार तरी करा. नमस्काराला बारा सेकंद लागतात. म्हणून सुरुवात टाकीपासून, मग सात बायका, आणि वेळ उरला तर रिक्षावाल्याने विचारलं होतं ते. त्यानंतर त्यांनी मला बाहेर काढलं तरी चालेल.